लांबचं जवळ आणताना

आमच्या घरात भिंतीवर बाबांचा एक जुना फोटो आहे. लंगोट कसलेला, खांद्यावर गदा, आणि मागे स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेलं कमळाचं तळं. बाबांनी उमेदीची वीस वर्षं लाल मातीत घालवली. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज अशा कितीतरी मैदानांत ते उतरले. पण प्रत्यक्ष कुस्ती खेळतानाचा त्यांचा एकही फोटो नाही. कारण विचारलं तर हसत म्हणायचे, "त्या वेळचा फोटोवाला सांगायचा, हलू नका. कुस्तीत न हलून कसं चालेल?"

म्हणूनच भाचा तालमीत जायला लागला तेव्हा मी मनाशी ठरवलं, की याचा फोटो मातीतला काढायचा. मी हायस्कुलात चित्रकला शिकवणारा माणूस. डिजिटल कॅमेरा हाताशी होता, पण त्याच्याबरोबर आलेल्या लेन्समधून मैदानातला पैलवान मुंगीएवढा दिसायचा. शेवटी २०१२ साली दिवाळीच्या बोनसमध्ये थोडी भर घालून मी ७०-३०० मिलिमीटरची टेलिफोटो झूम लेन्स घेतली. दुकानदाराने दारात उभं करून रस्त्यापलीकडच्या दुकानातलं घड्याळ दाखवलं. सेकंदकाटा स्पष्ट दिसत होता. मी खूश! घरी येताना वाटत होतं, आता जगातलं काहीच लांब राहिलं नाही.

त्याच मोसमात गावच्या यात्रेचं मैदान आलं. भाच्याची कुस्ती लागेपर्यंत दिवस मावळला होता. खांबांवरचे दिवे लागले, हलगी कडाडली, आणि पाचव्या मिनिटाला भाच्याने घिस्सा मारून समोरच्याला चितपट केलं. लोक उड्या मारत होते आणि मी बटण दाबत होतो. शंभरेक फोटो निघाले. घरी आल्यावर मोठ्या उत्साहाने कॅमेरा बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसला, एकेक फोटो पाहिला. तांबूस धुक्यात दोन पांढुरक्या आकृत्या एकमेकींत विरघळलेल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "यात आपला कुठला?"

तो प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. लेन्स चांगली होती, कॅमेराही चांगला होता. चुकलो होतो मी. पुढची काही वर्षं मी जे शिकलो ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्या भागात आता शाळेच्या खो-खोपासून दांडेलीच्या जंगलापर्यंत कॅमेरे घेऊन फिरणारी तरुण मुलं-मुली खूप दिसतात. त्यांच्या आईवडिलांनी खिशात हात घालण्यापूर्वी एवढं वाचावं, ही इच्छा.

मिलिमीटरचा सोपा हिशेब

लेन्सवर लिहिलेले आकडे म्हणजे तिची फोकल लेंथ. आकडा मोठा तेवढं दृश्य अरुंद, म्हणून वस्तू मोठी दिसते. ७०-३०० म्हणजे एकाच लेन्समध्ये ७० पासून ३०० पर्यंत मागेपुढे होता येतं, हीच झूम.

पण 'किती मोठी दिसते' हे कसं ओळखायचं? मी एक घरगुती हिशेब करतो. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांतला सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो. अशा कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर दर एक मीटर अंतरामागे चौकटीत सुमारे ८ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मावतं. दहा मीटरवर ८० सेंटिमीटर, तीस मीटरवर २ मीटर ४० सेंटिमीटर. ६०० मिलिमीटर असेल तर याच्या निम्मं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असल्यामुळे त्याच्यावर ३०० मिलिमीटरला मीटरमागे १२ सेंटिमीटर मावतात. म्हणजे तेवढंच मोठं चित्र हवं तर फुल फ्रेमला जास्त लांब लेन्स लागते.

आता हा हिशेब वापरून बघा. नदीकाठचा छोटा खंड्या, कन्नडमध्ये ज्याला आपण मिंचुळ्ळी म्हणतो, तो जेमतेम १६-१७ सेंटिमीटरचा. दहा मीटरवरून ३०० मिलिमीटरने टिपला तर तो चौकटीच्या पाचव्या हिश्शात बसतो. पक्षी छोटे असतात. त्यांच्यासाठी ५०० किंवा ६०० मिलिमीटर चैन नाही, ती गरज आहे. क्रिकेटच्या सीमारेषेवरून ६५ मीटरवरचा फलंदाज ३०० मिलिमीटरमध्ये चौकटीच्या निम्म्या उंचीचा दिसतो. वर्तमानपत्राला तेवढा पुरतो. पण कुस्तीच्या हौद्याकाठी, दहा मीटरवर, ३०० मिलिमीटरमध्ये पैलवानाचं फक्त डोकं आणि खांदा मावतो! तिथे ७० मिलिमीटरला साडेतीन मीटरची चौकट मिळते आणि दोन्ही मल्ल आरामात बसतात. मी लांबचं दाखवणारी लेन्स घेऊन जवळच्या खेळाला गेलो होतो. ही पहिली चूक.

उजेड कमी, तर सगळंच कमी

दुसरी चूक याहून मोठी. लेन्सवर मिलिमीटरबरोबर आणखी एक आकडा असतो: एफ २.८, एफ ४, एफ ५.६ असा. हा लेन्सच्या झरोक्याचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा. इथे मात्र उलटं आहे. आकडा लहान तेवढा झरोका मोठा. एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ च्या चौपट उजेड आत घेते.

पळणारा खेळाडू गोठवायचा तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास लागतं, कुस्ती-कबड्डीला निदान १/५००. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सुद्धा कमी पडतं कधीकधी. भर उन्हात ही अडचण येत नाही. आयएसओ ४०० आणि एफ ५.६ वर १/३००० च्या आसपास शटर सहज मिळतं. म्हणून सकाळच्या क्रिकेटला साधी, स्वस्त झूमसुद्धा झकास चालते. पण यात्रेच्या दिव्यांखाली त्या रात्री मला आयएसओ १६०० आणि एफ ५.६ वर फक्त १/६० मिळत होतं. पैलवान काय १/६० सेकंद थांबतो?

"पण लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं ना?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. होतं की! पण ते थोपवतं ते माझ्या हाताचं थरथरणं. समोरच्या माणसाचं हलणं ते थांबवू शकत नाही. झाडावर शांत बसलेल्या घुबडासाठी ही सोय वरदान आहे, घिस्सा मारणाऱ्या पैलवानासाठी तिचा काही उपयोग नाही. हा फरक दुकानात कुणी समजावून सांगत नाही.

कुणी कोणती घ्यावी?

माझ्या मते घेणाऱ्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट शाळा-कॉलेजच्या खेळांचा: कबड्डी, खो-खो, कुस्ती, बॅडमिंटन. संध्याकाळी किंवा छपराखाली चालणारे, जवळून दिसणारे खेळ. यांना ७०-२०० मिलिमीटर एफ २.८ सारखी लेन्स नाही. ती महाग असते आणि वजन दीड किलोच्या आसपास भरतं, पण दुसऱ्या हाताची, एक पिढी जुनी मिळाली तरी सोनं.

दुसरा गट मोठ्या मैदानाचा आणि सहलीला गेल्यावर जनावरं टिपणाऱ्यांचा. यांना ७०-३०० किंवा १००-४०० पुरते. कॅननची मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची १००-४०० लेन्स (२०२१) तर साधारण ६३५ ग्रॅमची आहे, आईच्या पर्समध्येही मावेल. मात्र लांबच्या टोकाला ती एफ ८ होते, तेव्हा ती उजेडातच वापरायची.

तिसरा गट पक्षीवेड्यांचा. यांच्यासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत दिवस पालटले. पूर्वी ६०० मिलिमीटर म्हटलं की मोटारीच्या किमतीची लेन्स असायची. टॅमरॉन आणि सिग्मा यांनी १५०-६०० मिलिमीटरच्या झूम आणल्या, २०१५ साली निकॉनची २००-५०० एफ ५.६ आली, आणि शिक्षक-कारकून मंडळींच्या हातातही लांब लेन्स दिसू लागल्या. मग २०१९ मध्ये सोनीची २००-६०० आणि २०२३ मध्ये निकॉनची १८०-६०० मिररलेससाठी आली. पण लक्षात ठेवा, या सगळ्या दोन किलोच्या घरातल्या आहेत. घेण्यापूर्वी दोन लिटर पाण्याची बाटली हातात धरून दहा मिनिटं डोळ्यापुढे उचलून बघा. जमलं तर दुकानात जा.

टेलिकन्व्हर्टर नावाची जोडलेन्स लावून ३०० चे ४२० करता येतात, असा सल्ला हमखास मिळतो. त्यात १.४ पट मोठं दिसतं खरं, पण उजेड निम्म्यावर येतो. एफ ५.६ ची लेन्स एफ ८ होते आणि जुन्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस चाचपडायला लागतो. स्वस्त झूमवर हा खर्च करू नये.

सासऱ्यांची शिकवणी

माझी सासुरवाडी हल्याळकडची, घरात कन्नड. सासरे वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. लग्नानंतर मला कन्नड शिकवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि पुढे जंगलात बसायलाही त्यांनीच शिकवलं.

दांडेलीचं जंगल, म्हणजे २०१५ पासूनचा काळी व्याघ्र प्रकल्प, हा धनेश पक्ष्यांचा मुलूख. भारतात द्वीपकल्पाच्या या पट्ट्यात आढळणारे चारही धनेश इथे दिसतात. त्यांत महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश बघायला लोक लांबून येतात. कन्नडमध्ये याला मंगट्टे म्हणतात. पहिल्या वर्षी मी गणेशगुडीच्या रस्त्याला स्कूटर थांबवून, धनेश दिसला की त्याच्यामागे धावत सुटायचो. हाती यायचं ते शेपटीचं टोक. सासरे एकदा वैतागून म्हणाले, "अवसर माडब्याड्री. सुम्म कुंदर्री." घाई करू नका. गप बसा.

मला गंमत वाटली. आपल्या मराठीत अवसर म्हणजे संधी आणि कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई! उलट कन्नडमधला अवकाश म्हणजे संधी, आणि आपला अवकाश म्हणजे मोकळा वेळ. दोन्ही भाषांत वाढणाऱ्या आमच्या मुलांचा यात रोज घोटाळा होतो. पण जंगलात बसल्यावर कळलं, की हा घोटाळा शहाणपणाचा आहे. घाई केली की संधी जाते, वेळ दिला की संधी येते. आणि 'सावकाश' हा शब्द तर धारवाड-हल्याळकडच्या कन्नडमध्येही आहे, आपल्याही आहे.

मग मी झाडाखाली बसायला लागलो. फळांनी लगडलेलं उंबराचं किंवा वडाचं झाड शोधायचं, सूर्य पाठीशी ठेवायचा आणि वाट बघायची. मोठा धनेश येताना पंखांचा आवाज आधी येतो, जणू वाफेचं इंजिन लांबून येतंय. त्या आवाजाबरोबर कॅमेरा डोळ्याला लावायचा. लेन्स आधी थोडी मागे, २०० वर ठेवायची, पक्षी चौकटीत सापडला की मग पुढे न्यायची. सुरुवातीलाच ६०० वर ठेवलं तर नुसतं आभाळ सापडतं, पक्षी नाही.

एकदा एका ओळखीच्या वाटाड्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, ढोली माहीत आहे. अगदी जवळून मिळेल." मोह झाला, खोटं कशाला बोलू? धनेशाची मादी अंडी घालण्यासाठी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट राहते. आठवडेच्या आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. खाली माणसं दिसली की नर घास घेऊन तसाच परत जातो. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या घरी बाळंतीण असताना दारात दहा माणसं उभी केली तर चालेल?" आम्ही परत फिरलो. ढोलीचा फोटो माझ्याकडे नाही आणि तो नसल्याचं वाईटही वाटत नाही. लांब लेन्स घ्यायची ती लांब राहता यावं म्हणून. एवढे पैसे घालून परत जवळच जायचं असेल तर लेन्स कशाला?

आपल्या दोन भाषांच्या मुलखात या कलेची परंपराही मोठी आहे. संडूरच्या मराठा राजघराण्यातले मुरारराव यशवंतराव घोरपडे १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, आणि त्याचबरोबर कृष्णधवल वन्यजीव छायाचित्रणात त्यांचं नाव देशाबाहेरही घेतलं जाई. त्यांचं 'सनलाइट अँड शॅडोज' हे पुस्तक १९८३ चं. त्या काळात ना ऑटोफोकस, ना सेकंदाला वीस फोटो. गप बसण्याचा सराव मात्र होता.

हात, श्वास आणि फोकस

आता थोडं वापराबद्दल. डावा हात लेन्सच्या खाली, तळव्यावर तोललेला. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. श्वास सोडून बटण हळू दाबायचं. शटर निदान फोकल लेंथच्या आकड्याइतकं हवं: एपीएस-सी कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरला १/५०० धरून चाला. एकपायी मोनोपॉड मैदानात फार उपयोगी. तिपाई लोकांच्या पायात येते. सफारीच्या जीपमध्ये मी तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतो. सौ. म्हणते, जंगलात उपाशी राहायची भीती नाही!

फोकस 'कंटिन्युअस'वर ठेवावा, म्हणजे विषय पुढेमागे झाला तरी कॅमेरा त्याचा पाठलाग करतो. लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असेल तर लांबच्या विषयासाठी ते वापरा. लेन्स उगाच जवळच्या गवतात घुटमळत नाही. फोकस डोळ्यावर हवा, माणसाच्याही आणि पक्ष्याच्याही. डोळा स्पष्ट असेल तर बाकी पुसट चालतं.

प्रत्येक वेळी सगळं गोठवायलाच हवं असंही नाही. विजयपूर, बागलकोट, बेळगाव भागातल्या सायकल शर्यती टिपताना मी शटर मुद्दाम १/६० वर आणतो आणि सायकलपटूच्या वेगाने कॅमेरा फिरवतो. चेहरा बऱ्यापैकी स्थिर राहतो, मागचं झाडझुडूप रेघांसारखं पळतं. वीसात एक फोटो साधतो, पण तो बघणाऱ्याला वेग दाखवतो.

आणि एक. सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागते. घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर हिवाळ्यात करकोचे बघायला गेलो होतो, तेव्हा दुपारचे सगळे फोटो पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे हलले. लेन्स खराब झाली असं वाटून मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच जागेवरून काढले, तर पीसन् पीस मोजता येत होतं. लांबचे फोटो सकाळीच काढावेत.

पावसाळ्यातली काळजी

खानापूर-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पापड मऊ पडतात आणि लेन्सला बुरशी धरते. लेन्स चामडी पिशवीत किंवा कपाटाच्या तळाशी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. जमलं तर ४०-५० टक्के आर्द्रता राखणारं विजेवरचं कपाट घ्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरत राहा.

जुनी लेन्स घेताना हे बघा

• आरपार विजेरी मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिथूनच परत फिरा.
• झूमच्या दोन्ही टोकांना, जवळ आणि लांब, फोकस करून फोटो काढा आणि मोठा करून बघा.
• लेन्स खाली तोंड करून धरा. झूम आपोआप घसरत असेल तर किंमत कमी करायला सांगा.
• ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको, मागच्या धातूच्या कड्याला ठोकर नको.
• आपल्या कॅमेऱ्याला बसते का आणि ऑटोफोकस चालतो का, हे स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा.
• नवी घेत असाल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. माझ्या एका सहकाऱ्याने थोड्या पैशांसाठी बिनबिलाची घेतली आणि दुरुस्तीला नेली तेव्हा कुणी हात लावेना.

पुढच्या वर्षी त्याच यात्रेला मी एका मित्राची ७०-२०० एफ २.८ लेन्स मागून आणली. आयएसओ ३२००, शटर १/५००. हौद्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो. या वेळी भाचा हरला. ढाक बसली आणि तो पाठीवर गेला. मी तेवढा क्षण टिपला, आणि घरी जाताना वाटत होतं की हा फोटो बाबांना दाखवू नये.

पण त्यांनीच मागितला. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मातीचे कण हवेत थांबलेले, भाच्याचा चेहरा ताणलेला, बोटं समोरच्याच्या दंडावर रुतलेली. मग त्यांनी भाच्याला हाक मारली आणि शेजारी बसवलं. "उजवा पाय बघ तुझा. सगळं वजन त्याच्यावर टाकून बसलास. तिथंच गेलास." दोघं डोकं जुळवून त्या एका फोटोवर अर्धा तास बोलत होते.

मी विचारलं, "बाबा, हा काढून टाकू काय? हरलेलाच आहे."

"काढू नको की रे," ते म्हणाले. "मोठा करून आण. माझ्या फोटोशेजारी लाव."